जरा उचलून फिरवा

९ फेब्रुवारी

दुकान नव्या मालकाच्या ताब्यात देऊन आठवडा झाला. आज सकाळी दाढी केली, कपडे चढवले आणि नेहमीसारखा जिना उतरलो. शेवटच्या पायरीवर आठवलं, की खाली आता आपलं काही नाही. तसाच वर आलो. ही म्हणाली, "काय विसरलात?" म्हटलं, "पेपर." पेपर माझ्या काखेतच होता. तिने चहाचं आधण पुन्हा ठेवलं.

रिकामं बसून डोकं फिरेल, काहीतरी लिहीत जा, असं लेकीने फोनवर बजावलंय. म्हणून हे सुरू केलं आहे. किती दिवस टिकेल ते बघू.

माझं म्हणणं साधं आहे. उभा जन्म लोकांची कुलपं दुरुस्त करण्यात गेला. कोणाचीही किल्ली हरवली की आमचं शटर वाजायचं. जेवताना वाजायचं, मी तापाने फणफणलेलो असताना वाजायचं. लेकीच्या लग्नाच्या दिवशी नवे कपडे घालून निघालो, तर एक जण दारात उभा. त्याचं मूल आत आणि तो बाहेर. गेलो त्याच्याबरोबर, करतो काय! आता मला अशी जागा हवी, जिथे माझं दार कोणी वाजवणार नाही. दलाल म्हणतो, बेटावर जमिनीचे दोन तुकडे विकायला आहेत. बोटीने जाऊन बघून यायचं ठरलं.

१२ फेब्रुवारी

बेट बघून आलो. पाय दुखताहेत, पण मन खूश आहे.

पहिला तुकडा बेटाच्या पार दुसऱ्या टोकाला आहे. खडक, गवत, खाली पाणी आणि दुसरं काही नाही. कसलीही अट नाही. हवं ते बांधा, हवी तेवढी उंच भिंत घाला, विचारायला कोणी येत नाही. मी तिथेच मनातल्या मनात दार बसवून टाकलं. चढ मात्र भारी आहे. हिला समुद्राचं एवढं वेड असेल असं मला वाटलं नव्हतं. चढावर दर थोड्या वेळाने थांबायची आणि दगडाला हात टेकून बघत राहायची. दलाल पुढे जाऊन घड्याळ बघत होता, म्हटलं बघू दे तिला.

वर पोचल्यावर तिने विचारलं, "इथून हाक मारली तर कोणाला ऐकू जाईल हो?"

मी म्हटलं, "कोणालाच नाही!" आणि मोठ्याने ओरडून दाखवलं. खरंच कोणी आलं नाही. मी हसलो, पण ती हसली नाही.

दुसरा तुकडा धक्क्याजवळच्या वस्तीत. दहा-बारा घरं, सगळी एकमजली, मध्ये कुंपण म्हणून नाही. नुसत्या गुडघाभर उंचीच्या झुडपांच्या रांगा. ही घरं एकमेकांच्या ताटात काय वाढलंय तेसुद्धा बघत असतील. शेजारच्या घरातून एक बाई बाहेर आल्या. जन्मभर पोस्टात होत्या, घरोघर पत्रं वाटायच्या, आता निवृत्त आहेत. "पाणी हवं का?" म्हणाल्या आणि हिला हाताला धरून आत घेऊन गेल्या. मी आणि दलाल वाऱ्यात उभे. त्या दोघींचं काय चाललं होतं देव जाणे, पण बोट सुटायची वेळ आली तरी बाहेर येण्याचं नाव नाही.

परतीच्या बोटीत ही म्हणाली, "मला दुसरा आवडला."

१३ फेब्रुवारी

दलालाने वस्तीच्या अटींचा कागद पाठवला. वाचून कपाळाला हात लावला.

भिंत घालायची नाही. मजला चढवायचा नाही. शेजाऱ्याचा समुद्र झाकला जाईल असं झाड लावायचं नाही. अंधार पडल्यावर रेडिओ नाही. विकायची झाली तर वस्तीला विचारून. इथवर एक वेळ समजू शकतो. पण पुढे आहे, की स्वयंपाकघराची खिडकी शेजाऱ्याच्या स्वयंपाकघरासमोरच यायला हवी आणि सकाळी तिचा पडदा सरकवायचा. नाही सरकवला तर शेजाऱ्याने येऊन दार वाजवायचं. आणि शेवटची अट म्हणजे कहर. माणूस घरात असताना बाहेरच्या दाराला कुलूप लावायचं नाही!

मी हिला वाचून दाखवलं. म्हटलं, "ज्याने जन्मभर कुलपं बसवली त्याने दार उघडं टाकून झोपायचं? आणि दार वाजवायचा नियमच करून ठेवलाय. मी ज्यापासून पळतोय तेच मला कागदावर सही करून घ्यायचंय का?"

ती भाजी निवडत होती. म्हणाली, "पुन्हा एकदा वाचा ना. ती खिडकीची."

मी पुन्हा वाचली. तिने मान डोलावली, जणू एखादी चांगली बातमी ऐकली.

२५ फेब्रुवारी

घरात धुसफूस चालू आहे. मी खडकावरचा तुकडा म्हणतो, ही वस्तीतला म्हणते. इतक्या वर्षांत हिने माझ्याशी कशावरून हट्ट केला नाही. दुकानात काउंटरवर उभी राहून किल्ल्या कापायची, गिऱ्हाईक सांभाळायची, वर येऊन स्वयंपाक करायची. हट्टाला वेळ कुठे होता?

तिच्या कापलेल्या किल्ल्यांवरून मात्र आमची रोज जुंपायची. मशीनवरून काढल्यावर ती किल्ली कानशीने साफ करायची आणि शेवटच्या दातावर एक हात जास्त मारायची. कितीदा सांगितलं, "अगं, तो दात बुटका होतो. किल्ली अडकते." ती गिऱ्हाइकाला गोड आवाजात सांगायची, "जरा उचलून फिरवा हं." आणि लोक उचलून फिरवायचे! अर्ध्या गावाच्या मनगटाला तिने ती सवय लावली. कोणी तक्रार घेऊन आलं नाही, याचंच मला जास्त वाईट वाटायचं.

आज ती डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेली होती. या महिन्यातली तिसरी फेरी. चष्मा अजून आलेला नाही. आजकालचे डॉक्टर नुसते खेटे घालायला लावतात. मी म्हटलं, मी येतो आणि बोलतो त्याच्याशी. तर म्हणाली, "तुम्ही नका येऊ, तुम्ही भांडाल."

१० मार्च

लेकीचा फोन हल्ली रोज येतो. आधी आईशी पुष्कळ वेळ, मग माझ्याशी थोडा. आज तिचा आवाज बसलेला होता. "सर्दी झालीय, बाबा," म्हणाली. मग म्हणाली, "बाबा, आई म्हणते ती जमीन घ्या ना." म्हणजे मायलेकी एक झाल्या आहेत.

संध्याकाळी हिने मला बटाटे सोलायला बसवलं. म्हणे, आता तुम्ही रिकामे आहात, थोडं शिका. मी म्हटलं, या वयात? ती म्हणाली, "मग कोणत्या वयात?" मी सालीबरोबर अर्धा बटाटा काढत होतो. तिने माझ्या हातातून सुरी घेतली नाही, नुसती बघत बसली. एरवी तिला असलं काही बघवत नाही.

१७ मार्च

हरलो.

झालं असं, की मी पुन्हा त्या खडकाचं गुणगान सुरू केलं. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "इतकी वर्षं तुमच्या दुकानात उभी राहिले. पाठ भिंतीला आणि तोंड शटरला. मला एक खिडकी द्या. समोर माणूस दिसेल अशी. एवढं एकच मागते."

मी म्हटलं, "बरं." मग उगाच गॅलरीत जाऊन उभा राहिलो. खालच्या दुकानावर नवी पाटी लागली आहे.

पण माझीही एक अट आहे. कुलूप लावू देणार असतील तरच सही करीन.

२८ मार्च

वस्तीची सभा झाली. धक्क्यावरच्या बोटींच्या शेडमध्ये उलट्या टाकलेल्या होड्यांवर सगळे बसले होते. अध्यक्ष म्हणजे बोटीवरचे जुने इंजिनवाले. बेटावर नव्याने येणाऱ्याला आधी सगळ्यांसमोर उभं करतात. मी दाखवायला आणलेल्या मुलीसारखा उभा.

"काय करत होता आपण?"

"कुलपं."

शेडमध्ये हशा पिकला. इंजिनवाल्यांनाही हसू आवरलं नाही. मीही थोडा हसलो, पण लगेच मुद्द्यावर आलो. म्हटलं, कुलपाशिवाय मला झोप लागत नाही. हा माझा स्वभाव आहे आणि तो आता बदलायचा नाही.

तेव्हा पोस्टवाल्या बाई उठल्या. त्यांनी ही अट का आली ते सांगितलं. वस्तीत एक म्हातारे एकटे राहायचे, भिंत घालून. बाई रोज त्यांच्या फाटकावरच्या पेटीत पत्रं टाकायच्या. पेटी भरत गेली. बाईंना वाटलं, गेले असतील मुलाकडे. "मी त्या पेटीत पत्रं कोंबून बसवत होते, आणि ते आत," एवढंच म्हणाल्या आणि बसल्या.

ही माझ्या शेजारी मान खाली घालून बसली होती. मग इंजिनवाल्यांनी तोडगा काढला. कुलूप लावायचंच तर लावा, पण दुसरी किल्ली समोरच्या घरी. म्हणजे पोस्टवाल्या बाईंकडे. मी काही म्हणायच्या आत ही म्हणाली, "चालेल."

२२ एप्रिल

कागद झाले. जमीन आमच्या दोघांच्या नावावर. ही म्हणत होती, फक्त तुमच्या नावावर करा, उगाच दोन सह्या. मी म्हटलं, खिडकी तुझी, मग नाव नको? तिने सही केली. हात थोडा थरथरला. पहिल्यांदाच जमीन घेतोय, व्हायचंच.

७ जून

बांधकाम सुरू आहे. मी तीन खोल्या म्हणतो, एक लेकीला. ही म्हणते दोन पुरेत, लवकर होईल. प्रत्येक गोष्टीत हिची घाई. फरशी साधी घाला, लवकर होईल. रंग एकच हात द्या, लवकर वाळेल. गवंडी मला बाजूला घेऊन म्हणाला, "काका, काकूंना कुठे गाडी पकडायचीय का?"

अंगठी सैल झाली म्हणून तिने तिला आतून दोरा गुंडाळला आहे. मी म्हटलं, चढउतार होतोय, अंग उतरलंय, बरंच आहे. माझंही पोट कमी झालंय.

१४ सप्टेंबर

राहायला आलो. सकाळी हिने पहिल्यांदा पडदा सरकवला. समोरच्या खिडकीत पोस्टवाल्या बाई हातात कपबशी घेऊन आधीच उभ्या होत्या. दोघींनी हात हलवले. मग मला पुढे ओढून, "तुम्हीही करा," म्हणाली. मी केला. चारचौघांत नाचायला लावल्यासारखं वाटलं.

आता रोज मीच पडदा सरकवायचा, असं तिने ठरवून टाकलं आहे. तिला उठायला उशीर होतो. समुद्राची हवा, झोप लागते.

३ ऑक्टोबर

माझं कुलूप तयार झालं. आठवडाभर पडवीत बसून बनवलं. असं कुलूप मी जन्मात दुसरं केलेलं नाही. सात पट्ट्या, सातही एका रेषेत आल्या तरच सरकणार, केसभर कमी नाही की जास्त नाही. दाराला बसवलं आणि आतून-बाहेरून लावून पाहिलं. लोणी.

आता एक गंमत इथे लिहून ठेवतो, कारण कोणाला सांगायची सोय नाही. अटीप्रमाणे दुसरी किल्ली बाईंना द्यायची होती. मी एक कोरी किल्ली घेतली, तिला मनाला येतील तसे दात पाडले, खऱ्या किल्लीपेक्षा जास्त चकाकी दिली आणि बाईंना नेऊन दिली. त्यांनी ती खिडकीजवळच्या खिळ्याला लावली. किल्ली द्या असं ठरलं होतं. दिली! ती माझ्या कुलपाला जन्मात लागणार नाही. खरी किल्ली एकच, माझ्या गळ्यात, दोरीला. या वस्तीच्या सगळ्या अटी पाळूनही माझं दार माझंच राहिलं.

परत आलो तर ही दारात उभी. "लागते का हो ती?" म्हणाली.

"न लागायला काय झालं!"

ती माझ्याकडे बघत राहिली. काउंटरवर खोटं नाणं हातात आलं की अशी बघायची. मी ताकास तूर लागू दिली नाही.

९ ऑक्टोबर

दुपारी इंजिनवाल्यांचं गोदामाचं कुलूप अडलं होतं, ते बघायला गेलो. म्हणजे बेटावरही सुटका नाही. निघताना ही म्हणाली, "किल्ली ठेवून जा. मी कपडे वाळत घालते, वाऱ्याने दार ओढलं गेलं तर बाहेर राहायची मी." ठेवून गेलो.

आलो तेव्हा ती दमून भिंतीला टेकून बसली होती. तिच्या बोटांना तेल लागलं होतं आणि खिडकीच्या कट्ट्यावर लोखंडाचा कीस. माझी कानस पेटीत उलटी ठेवलेली. विचारलं, तर म्हणाली कात्रीला धार लावली. कात्रीला कानस! एवढी वर्षं दुकानात राहून हिला एवढं कळू नये? नंतर दुधाची पिशवी कापायला घेतली तर कात्री होती तशीच बोथट. म्हातारपणी माणसाचं चित्त थाऱ्यावर राहत नाही, सांभाळून घ्यायला हवं.

संध्याकाळी ती बाईंकडे जाऊन बसली. खिडकीतून मला दोघी दिसत होत्या. हसत होत्या.

१९ नोव्हेंबर

आज जेवण झाल्यावर ती म्हणाली, "चष्म्याचं काय झालं ते सांगते. बसा."

मी बसलो. तिने सांगितलं. डोळ्यांचे डॉक्टर नव्हतेच.

आजार फेब्रुवारीच्याही आधीपासून होता. लेकीला माहीत होतं. पोस्टवाल्या बाईंना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, पाणी प्यायला गेली तेव्हा. डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं, की उपचार घेतले तर थोडे दिवस वाढतील, पण ते खाटेवर जातील. तिने नको म्हटलं. मलाच काय ते माहीत नव्हतं. मी चढावर तिला समुद्र बघू देत होतो.

मला फार राग आला. ओरडलो तिच्यावर. अशा माणसावर ओरडतात का? पण ओरडलो. म्हटलं, "मला का नाही सांगितलंस?"

"घर बांधून व्हायला हवं होतं," ती म्हणाली. "तुम्हाला कळलं असतं तर एक वीट लावली नसती तुम्ही."

खरं आहे. मी तिला घेऊन डॉक्टरांच्या दारात बसलो असतो. बिचारीला शेवटी समुद्र बघायचा होता, इतकंच. मी म्हटलं, "मग खिडकी समुद्राकडे तरी घ्यायची होतीस. इथून तर नुसतं बाईंचं स्वयंपाकघर दिसतं." ती हसली. माझा हात धरून बराच वेळ हसत राहिली. मग खोकला आला.

२ डिसेंबर

लेक आली आहे. जावई पुढच्या आठवड्यात. खाट स्वयंपाकघरात आणली, तिला खिडकी हवी असते. बटाटे मी सोलतो. साल आता पातळ निघते. तिने बघितलं आणि नुसती मान हलवली.

२६ डिसेंबर

काल ती म्हणाली, "मी काय म्हणते, दार लावून बसू नका." मी म्हटलं, "वारा येतो तुझ्या अंगावर." "वारा नाही हो," म्हणाली आणि डोळे मिटले.

११ जानेवारी

गेली. पहाटे. मी पडदा सरकवला आणि मागे वळलो तर.

२ फेब्रुवारी

लेक आणि जावई आज बोटीने गेले. लेक म्हणत होती, आमच्याकडे चला. तिच्या घरात मी काय करणार? म्हटलं, येईन उन्हाळ्यात. धक्क्यावर ती लहानपणी रडायची तशी रडली. बोट दिसेनाशी झाल्यावर घरी आलो, कुलूप लावलं, किल्ली गळ्यात घातली. किल्ली कुलपात ठेवायची नाही, ही दुकानातली शिस्त. पडदा ओढला.

शेवटी हवं होतं ते मिळालं. माझं दार आता कोणी वाजवणार नाही.

३ फेब्रुवारी

वाजवलं. सकाळी, मग पुन्हा दुपारी. "अहो कुलूपवाले! पडदा का नाही सरकवला?" सगळी हयात दारं वाजवण्यात गेली बाईंची, थाप कशी मारायची ते चांगलं ठाऊक आहे. मी आतून ओरडलो, "बरा आहे!" मग थांबल्या.

जेवलो नाही. एकट्यासाठी बटाटे सोलायचे म्हटलं तर हातच उचलत नाही.

४ फेब्रुवारी

अंगात ताप असावा. हिच्या खाटेवरच पडून आहे. आज बाईंना उत्तर दिलं नाही. कशाला द्यायचं? पुन्हा उठावंसंच वाटत नाही. उशीला अजून तिच्या तेलाचा वास आहे, तो जाईल तेव्हा काय करायचं? त्यांच्याकडची किल्ली काही कामाची नाही, हे मला माहीत आहे. दारही मीच बसवलंय, कोणाच्या खांद्याने हलणार नाही. काम चोख केलं होतं मी.

५ फेब्रुवारी

आज दुपारी जे झालं ते नीट लिहून ठेवायला हवं.

पडून होतो. आधी थापा. मग हाका. मग थोडा वेळ शांत. मग कुलपाच्या भोकात किल्ली गेल्याचा आवाज आला. मनात म्हटलं, फिरव बाई, हवी तेवढी फिरव. किल्ली अडली. अडणारच होती. आणि मग एक बारीक आवाज आला, किल्ली भोकात जराशी वर उचलल्याचा. तो आवाज मी इतकी वर्षं दुकानात रोज ऐकला आहे, झोपेतही ओळखीन. मी उठून बसलो. सातही पट्ट्या सरकल्या आणि दार उघडलं.

बाई दारात उभ्या. एका हातात झाकण ठेवलेलं भांडं, दुसऱ्या हातात किल्ली.

"ही कुठून आणली?" मी विचारलं.

"तुमच्याच घरातून," बाई म्हणाल्या. "तुम्ही दिलीत ती तिने आठवड्यातच परत नेली. म्हणाली, ह्यांचा हात हल्ली थरथरतो, चुकून भलतीच कापली, ही घे. आणि म्हणाली, पहिल्या दिवशी ते ओरडतील, ओरडू दे. आवाज येईनासा झाला की मात्र थांबू नकोस. जरा उचलून फिरव."

मी हात पुढे केला. त्यांनी किल्ली हातात दिली. उजेडात धरायचीही गरज नव्हती, बोटालाच कळलं. शेवटच्या दातावर एक हात जास्त. उभं राहवत नव्हतं तिला तेव्हा, आणि कट्ट्याला टेकून तिने हाताने ही किल्ली घासली होती. मशीन नाही, काही नाही. सात दात. आणि मी तिला कात्रीवरून मनातल्या मनात हसलो होतो. फसवणूक माझी, आणि तिने ती माझ्या थरथरणाऱ्या हातावर ढकलली, म्हणजे बाईंसमोर माझी मान खाली जायला नको.

मग मला रडू फुटलं. ती गेली त्या दिवसापासून लेकीसमोर, जावयासमोर आवरून धरलं होतं, ते सगळं बाहेर आलं. बाईंनी आधी पडदा सरकवला, मग भांडं गरम करायला ठेवलं. समोर त्यांचं रिकामं स्वयंपाकघर दिसत होतं, चूल तशीच चालू टाकून आल्या होत्या. मी म्हटलं, "बाई, तुमचं काहीतरी जळतंय." त्या म्हणाल्या, "जळू दे. तुम्ही खा."

मला आत्ता कळतंय, की खिडकी तिने स्वतःसाठी मागितलीच नव्हती.

९ फेब्रुवारी

ताप उतरला. सकाळी दाढी केली. पडदा सरकवला, हात केला. मग पेटी काढली.

बाईंकडून त्यांची किल्ली मागून आणली होती. कानस हातात घेतली. त्या दाताला थोडा भर घालून तो नीट करणं हे माझ्यासाठी पाच मिनिटांचं काम. पण किल्लीला हात लावला नाही. कुलूप काढलं, उघडलं, आणि शेवटच्या पट्टीची खाच घासून थोडी रुंद केली, हिची किल्ली जिथवर पोचते तिथवर. आता ते पूर्वीइतकं पक्कं राहिलं नाही. एखाद्या शिकाऊ माणसालाही उघडता येईल. इतकी वर्षं तिला किल्ली सुधार म्हणून टोकत आलो, आणि सुधारायला कुलूप घेतलं ते आज.

दाराला पुन्हा बसवून बाईंना हाक मारली. "लावून बघा."

त्यांनी किल्ली घातली, जरा उचलली आणि फिरवली.

म्हटलं, "बाई, आता उचलायची गरज नाही. सरळ फिरेल."

"असेल," त्या म्हणाल्या आणि पुन्हा उचलूनच फिरवली. "पण तिने सांगितलंय ना."